दिगंबरकाकांच्या चुका

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात आईने मला ओळखीतल्या दिगंबरकाकांकडे पाठवलं, ते माझं मराठी सुधारावं म्हणून. माझा जन्म कलकत्त्याचा, शाळा बंगाली मैत्रिणींत गेलेली. घरातसुद्धा मराठी बोलताना मी मध्येच अडखळायची. काका बँकेतून निवृत्त होऊन कलकत्त्यातच बेहालाला एकटेच राहत होते. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि आयुष्यात जे पाहिलं, भोगलं ते एका पुस्तकात उतरवायचं, हा एकच ध्यास उरला होता. ते सांगणार, मी लिहिणार. कॉलेज सुटलं की चारला जायचं, सहाला परत.

खोली वरच्या मजल्यावर होती. खाली ट्रामचा रस्ता. उजेड बरा म्हणून मी खिडकीपाशी बसायची. पाच वाजले की घरोघरच्या कोळशाच्या चुली पेटायच्या, धूर रस्त्यावर बसायचा आणि पलीकडची माणसं दिसेनाशी व्हायची. मग शेजारणी शंख फुंकायच्या. एकीचा थांबला की दुसरीचा.

पहिले काही दिवस मला एवढंच जाणवलं, की काका सांगता सांगता थांबतात आणि कान देतात. एकदा म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा हावड्याला उतरलो, तेव्हा शकुन हिरव्या लुगड्यात होती." मग थांबले. मान हलवली. "बरं बरं. अबोली. लिही, अबोली लुगड्यात."

शकुनकाकूंना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

'अबोली' हा शब्द मला ठाऊक नव्हता. विचारायची लाज वाटली. पेन तसंच अडून राहिलं.

"फूल असतं गं. त्या रंगाचं."

आवाज बाईचा होता. माझ्या खांद्यामागून आलेला. तोंडात सुपारी धरून बोलावं तसा. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

काकांचा चेहरा मात्र उजळला होता. "तुलाही ऐकू आलं?"

"काका... कोण होतं?"

"कोण असणार! चूक खपत नाही तिला. कधीच खपली नाही."

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी गेलीसच कशी? गेले खरी. त्या आवाजात भिववणारं काही नव्हतं, आणि काकांचा तो उजळलेला चेहरा मला घरी आल्यावरही दिसत राहिला. पुढे रोजच ऐकू यायचं. कधी एखादा शब्द, कधी नुसतंच "अंहं". एकदा काकांनी लग्न अकोल्याला झाल्याचं सांगितलं.

"काका, परवा तुम्ही जबलपूर सांगितलं होतंत," मी म्हटलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "मला का आठवत नाही? पण बरोबर सांगितलं तर ती कशाला बोलेल, लीना?"

त्या दिवशी घरी येताना ट्राममध्ये मला रडू आलं.

अशा चुका करत करत पुस्तक पासष्ट सालापर्यंत आलं. तिथे काका अडले. आठवडाभर नुसत्या इकडच्या तिकडच्या आठवणी सांगत राहिले. अखेर एका संध्याकाळी म्हणाले, "आज ते घेऊ. आधी खरं काय ते ऐक. लिहू नकोस."

मी पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी तिला बरं वाटत नव्हतं. 'आज नका ना जाऊ,' म्हणाली. बँकेत मोठे साहेब यायचे होते. मी गेलो. साडेसहाला आलो, तर..." त्यांनी हाताने पलंगाची कड चाचपली. "इथे. हात गार पडला होता. एकटी गेली गं."

मग घसा साफ करून सांगू लागले, "हं. लिही. त्या दुपारी मी तिच्या उशाशी होतो. तिचा हात माझ्या हातात होता."

मी लिहिलं. दोघंही वाट पाहू लागलो.

काहीच नाही. खाली धूर साचत होता. शंख वाजले, थांबले.

"शकुन... चूक आहे हे. धडधडीत खोटं आहे. सांग ना."

त्यांचा हात पलंगावर फिरत राहिला. आणि तेवढ्यात तो आवाज आला, अगदी माझ्या कानाशी, सलग. मी लिहीत गेले. पान भरलं.

"लीना, काय लिहितेस? मी कुठे काही सांगितलं?"

त्यांना या वेळी ऐकूच गेलं नव्हतं.

"काकू सांगताहेत..."

काका माझ्या दिशेने वळले. म्हणाले, "वाच."

मी वाचलं. "तुम्ही ट्रामपाशी थांबून वळून पाहिलंत. माझ्या छातीत तेव्हाच कळ आली होती. हाक मारली असती तर आला असतात, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच खिडकीतून हात हलवला, जा म्हणून. तुम्ही वळून पाहिलंत, मला तेवढं पुरलं."

काका लहान मुलासारखे रडले. "पाहिलं होतं मी वळून," ते म्हणाले. "हे कुणालाच सांगितलं नव्हतं." मग डोळे पुसून पुढे वाकले. "पुढे?"

पुढच्या चार ओळींवर माझी नजर गेली आणि मी वही मिटली.

"पुढे काही नाही, काका."

आवाज त्यानंतर कधीच आला नाही. काका आणखी दोन हिवाळे जगले. मी जायची. ते रोज चुका करायचे, लुगड्याचा रंग, गावाचं नाव, लग्नाची तिथी, आणि मान कलती करून वाट पाहायचे. मीच शेवटी हळूच दुरुस्त करायची. "हो का?" म्हणायचे.

त्या चार ओळी मी त्यांना वाचून दाखवायला हव्या होत्या. ती एकटी गेली नाही, एवढं तरी त्यांना कळलं असतं. पण माझी छाती झाली नाही. पासष्ट साली मी नऊ वर्षांची होते. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला राहायचो. बेहाला मी पाहिलंही नव्हतं.

वही माझ्याकडेच आहे. अक्षर माझंच आहे.

"तुम्ही गेलात तरी मला सोबत होती. खिडकीपाशी एक मुलगी बसून लिहीत होती. मी सांगत गेले, ती घेत गेली. माझं सांगून संपलं, तरी ती उठेना. काळोख पडला, तशीच लिहीत राहिली."