जोडीतला काटा

बसा. दिवा जरा इकडे सरकवा, संध्याकाळ झाली की माझे डोळे काम देत नाहीत. सोमवारपासून हे टेबल तुमचं. वाळलेल्या फांद्या कागदावर शिवायच्या, एवढंच काम. हात स्थिर हवा आणि अपेक्षा कमी. फक्त बाभळीचे नमुने ठेवलेल्या या कपाटाचं सांगून ठेवतो.

माझा मोठा भाऊ याच वनस्पती-संग्रहालयासाठी झाडांच्या फांद्या गोळा करायचा. दादा रानोमाळ हिंडायचा, मी इथे बसून शिवायचो. आई म्हणायची, एकाच्या पायाला भिंगरी आणि दुसऱ्याच्या बुडाला डिंक. दादाची एक खोड होती. बाभळीला पानाच्या बुडाशी दोन-दोन काटे असतात. त्या जोडीतला एक मोडून त्याच काट्याने तो फांदीला चिठ्ठी टोचायचा. टाचणी त्याने कधी वापरली नाही.

सात वर्षांपूर्वी त्याचं शेवटचं गाठोडं टपालाने आलं. तो आला नाही. गाठोड्यात बाभळीची एकच लहानशी फांदी होती, पिवळे गोंडे असलेली, आणि चिठ्ठी: "फुलं आहेत. शेंगा धरेपर्यंत थांबतो." मला खटकलं ते वेगळंच. बाभळीची पानं दिवस मावळला की मिटतात, आणि फांदी तोडली तरी थोड्या वेळात मिटतात. म्हणून तोडल्या जागीच ती उघडी पसरून दाबायची असतात. दादाच्या हातून मिटलेलं पान कधी आलं नव्हतं. या फांदीची सगळी पानं मिटलेली होती. मी ती तशीच शिवली आणि वहिनींना काही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात वहिनी दुपारी इथे आल्या, हातात एक कागद घेऊन. दादा आता हयात नाही, असं सख्खा भाऊ म्हणून मी लिहून द्यायचं होतं.

"सही करा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मी दारातला दिवा रात्रभर जळत ठेवते. मला आता एकदा नीट रडायचंय. त्याचीसुद्धा सोय नाही."

"उद्या सकाळी येऊन न्या," मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी कपाट उघडलं. सही करण्याआधी दादाला एकदा विचारावं, असं काहीतरी डोक्यात होतं. त्या फांदीचा कागद बाहेर काढला आणि नाकात ओल्या सालीचा वास शिरला. फांदीची पानं उघडी होती. सात वर्षं वाळलेली पानं, बोट लावलं तर भुगा व्हावा अशी. मी चष्मा पुसला. मग खिडकीतला उजेड जसजसा कमी झाला, तसतशा त्या बारीक पानांच्या जोड्या माझ्यासमोर एकेक करून मिटत गेल्या... आवाज कसलाच नव्हता. फक्त मी घातलेला टाका जरासा ताणला गेला.

भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा थकवा जास्त होता. जिवंत असशील तर सात वर्षं होतास कुठे, असं मनात आलं. मी सही केली, कागद या खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

सकाळी वहिनींसमोरच खण उघडला. कागदाला एक चिठ्ठी टोचलेली होती, बाभळीच्या काट्याने. काटा माझ्या सहीतून आरपार गेला होता आणि त्याच्या बुडाशी ताजा डिंक होता. अक्षर दादाचं.

"शेंगा धरल्या. घरी निघतो."

वहिनींनी दोनदा वाचलं. मला वाटलं हसतील, निदान रडतील तरी. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या.

"आता कशाला..." त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून फांदीवरचा एक-एक काटा रोज कमी होतोय. मी इथे आलो की आधी मोजतो. आम्ही दोघंच एका घरात राहतो, वर मी, खाली वहिनी, जेवण त्यांच्याकडे. सकाळी झाडताना तो काटा त्यांना सापडतो. पहिला फाटकाबाहेर, मग फाटकात, मग पायरीवर, काल उंबऱ्यात. दारातला दिवा त्यांनी बंद केलाय. रात्री आतून दोन कड्या लावतात.

आज सकाळी मोजायला गेलो तर फांदीवर एकही काटा उरला नव्हता. दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा वहिनींना विचारलं. त्या हळूच म्हणाल्या, अंगण दोनदा झाडलं, काटा बाहेर कुठेच नाही... आणि सकाळी दोन्ही कड्या लागलेल्याच होत्या.

ही घ्या किल्ली. मला आता निघायला हवं, वहिनी घरी एकट्या आहेत. दुपारी ताटं मात्र त्यांनी तीन वाढली होती.