पोळीची कड

मल्हार, तो मोबाईल उलटा ठेव. आणि ज्ञानदा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, नंतर नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. हॅम्बर्गच्या आमच्या भास्करच्या बाबतीत घडली आहे, आणि भास्कर माझ्याशी खोटं बोलत नाही.

गेल्या नोव्हेंबरची एकवीस तारीख, शुक्रवार. भास्कर कोटबुसला एका कुटुंबाला सायकल द्यायला गेला होता. अन्वीची सायकल. अन्वी त्याची मुलगी. मार्चमध्ये गेली, तापाचं निमित्त झालं. सात वर्षांची होती रे.

भास्कर ऑफिसातून आला की ही त्याचा डबा उघडायची. तिच्यासाठी तो मुद्दाम अर्धी तूप-साखरेची पोळी उरवायचा. मधलं खायची, कड ठेवायची. कड आईनं खायची, हे ठरलेलं. पोर गेली तरी हा अर्धी पोळी उरवतच राहिला. रोज आणायचा, रोज टाकून द्यायचा. त्याची बायको प्रभा म्हणाली, "अहो, बास करा आता. मला या घरात नाही राहवत. पुण्याला जाऊ." रविवारची तिकिटं काढली. हा हो म्हणाला खरा, पण आत एकच घोकणं... पोरीला इथे एकटं टाकून कसं जायचं?

परतताना रस्त्यालगत नुसती वाळू. हो, जर्मनीतच. कोळसा उकरून नेला की मागे वाळवंट उरतं. अन्वीला ते बघायचं होतं. हा म्हणायचा, पुढच्या रविवारी. तो रविवार काही उजाडला नाही.

तिथे खाणकामगारांची जुनी घरं जपून ठेवली आहेत. म्हणून थांबला. पावणेपाच वाजलेले, बाहेर मिट्ट काळोख. घरं दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला स्वयंपाकघरात नेलं. लाकडी टेबल, तीन छोट्या खुर्च्या. म्हणाल्या, "बाप खाणीतून आला की पोरं त्याच्या पिशवीवर तुटून पडायची. उरलेला पाव तो त्यांना द्यायचा. म्हणायचा, वाटेत सशानं दिला. हाझेनब्रोट. सशाचा पाव."

भास्कर मटकन बसला. बाई म्हणाल्या, "बसा, मी बाकीची घरं बंद करून येते."

त्यानं उरवलेल्या अर्ध्या पोळीचा डबा काढून टेबलावर ठेवला. उठला, आणि रडू लपवायला खिडकीकडे तोंड केलं. लपवायचं कोणापासून, तिथे कोणी नव्हतं.

बाहेर वाळू. वारा नाही.

मागे खुर्ची सरकली.

मग डब्याची क्लिप... खट्. दुसरी... खट्.

"अन्वी?"

...

तो वळला नाही. मला म्हणाला, "काका, वळलो आणि दुसऱ्याच कोणाची पोर असती तर? कोणीच नसतं तर?"

चावण्याचा आवाज. हळू.

मग तोही नाही.

बाई किल्ल्या घेऊन आल्या तेव्हा डबा बंद होता. दोन्ही क्लिपा लावलेल्या.

घरी पोचेपर्यंत त्यानं तो उघडला नाही. प्रभानंच घासायला घेतला. ओट्याशी उभं राहून क्लिपा काढल्या, आत पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे इतके महिने वाट बघत होती हो ती..."

रविवारचं विमान त्यांच्याशिवाय गेलं.

उंदीर म्हणशील तू, मल्हार. उंदीर क्लिपा लावत नाही. तो डबा त्यांच्या फ्रीजरमध्ये आहे, मी या डोळ्यांनी पाहिलाय. मधलं सगळं खाल्लेलं. आणि अर्ध्या पोळीची कड, अख्खी, आईसाठी ठेवलेली. प्रभाला ती अजून खाववलेली नाही.