भिंतीलगतची रांग

सकाळी आठला मथुराचा निरोप आला. मिरच्या मेल्या, बाईंनी असतील तशा यावं.

सरलाबाईंनी विज्ञान शिकवणं सोडून वीस वर्षं झाली होती, पण गावात काही अडलं की अजून त्यांनाच बोलावणं येई.

परसातली रोपं माना टाकून उभी होती. माती मात्र ओली. पानांवर ना कीड, ना डाग.

"जानकीनंच औषध ओतल्यान," मथुरा म्हणाली. "भिंतीवरसून. मी नऊच्या एसटीन मालवणाक जातंय, पोलिसांत."

भिंतीपलीकडे तिची जाऊ जानकी उभी होती. ती अंगणवाडीत पोरांचं जेवण शिजवायची. विषाची तक्रार झाली, तर तिच्या हातचं कोण खाणार?

बाईंनी भांडण कधीपासूनचं ते विचारलं.

"मीच भिंत बांधलंय, तीन वर्सा झाली. आधी खाडयेतल्या तिसऱ्यांचे शिंपले, चुलीची राख, सगळा माझ्या परसात टाकी."

"टाकी होतंय," जानकी पलीकडून म्हणाली. "भिंत झाल्यावर बंद केलंय."

"आणि खत?" बाईंनी मथुराला विचारलं.

"युरिया. कसालच्या बाजारातलो. रोपां वाढनत नाय म्हणान दर आठवड्याक घालतंय."

सरलाबाईंची नजर आपल्या पावलाकडे गेली. लहानपणी आईने मसाल्याच्या मिरच्या आणायला याच परसात पाठवलं होतं. शिंपला पायात घुसला होता. वण अजून होता. तेव्हा मिरच्या कमरेइतक्या वाढत.

त्या वाफ्याच्या कडेने चालत गेल्या आणि थांबल्या. भिंतीला चिकटून एक रांग ताठ, हिरवीगार उभी होती.

त्यांनी मधलं एक रोप उपटलं. मुळं आखूड, जाड, टोकं तपकिरी. मग भिंतीजवळचं उपटलं. मुळं लांब, पांढरी. त्यांत शिंपल्याचा तुकडा अडकला होता.

"मथुरा, विष भिंतीवरून आलं असतं, तर आधी कुठली रांग मेली असती?"

मथुराची नजर हिरव्या रांगेवर गेली.

"आपल्या लाल मातीत ॲल्युमिनियम असतंच."

"चुलीवरच्या टोपाचा?"

"धातू तोच. पण पावसाने माती आंबट होते, युरियाने आणखी. मग तो मातीतून सुटा होतो आणि मुळांची टोकं मारतो. खुंटलेलं मूळ ओल्या मातीतही तहानेलं राहतं."

"मगे इतकी वर्सा मिरची कशी येय होती?"

"शिंपले आणि राख आंबटपणा मारतात. भिंतीच्या पायाशी जुने शिंपले उरलेत, म्हणून ही रांग जगली."

"म्हंजे मारल्यान कोणी?"

"जिने भिंत घातली आणि वर युरिया ओतला, तिने."

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. मथुरा जागची हलली नाही. गाडी निघून गेली, तेव्हा ती भिंतीकडे वळली.

"गो जानकी, शिंपले खंय टाकतंस हल्ली?"

"खाडयेत."

"हंय, वाफ्यात टाक."

"मगे परत भांडशील."

"भांडतलंय," मथुरा म्हणाली. "तू टाक."