खिडकीसमोरची भिंत

दालनात खिडकीसमोर भिंत एकच होती आणि ती दोघांनाही हवी होती.

देशोदेशींच्या अमूर्त चित्रकारांचं ते प्रदर्शन. विषय, संस्कृतींना जोडणारे धागे. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोन ज्येष्ठ चित्रकार हमरीतुमरीवर आलेले! आजोबांची चित्रं लालभडक, आजींची करडी, जवळजवळ रिकामी. ती आजोबांची तरुण दुभाषी; त्यांचं बोलणं मराठीत सांगायचं काम तिचं. आजींच्या शेजारी तिच्याच वयाचा, विस्कटलेल्या केसांचा दुभाष्या उभा होता. त्याला आजोबांची भाषा येत नव्हती, तिला आजींची. त्यामुळे सगळं भांडण मराठीतून ये-जा करत होतं.

आजोबा कडाडले. ती दुभाष्याकडे वळली.

"ते म्हणतात... आजींच्या चित्रांत फार शांतता आहे."

"एवढं ओरडून नुसती शांतता?" त्याने भुवई उंचावली.

"भांडी घासलेल्या पाण्याचा रंग आहे म्हणाले. सांगता?"

"नको. शांतताच बरी."

त्याने आजींना काहीतरी सांगितलं. आजींचा चेहरा जरा निवळला, पण उत्तर मात्र तिखट वाटलं.

"आजी म्हणतात, तुमच्या लाल रंगात ऊब आहे."

"आणि खरं काय म्हणाल्या?"

"घर पेटल्यावर असते तशी."

तिने हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं. त्याने गंभीर चेहऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली.

दिवसभर दोघांची साखरपेरणी चालली. संध्याकाळी आजी-आजोबांची चित्रं त्याच भिंतीवर शेजारी-शेजारी लागली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग प्रदर्शनभर चौघं एकाच टेबलावर जेवू लागली. आजी-आजोबा रंगांवर बोलायचे आणि हे दोघं मधल्या फटीत आपलं आपलं.

"तुम्ही घरीही असंच गोड करून सांगता?" तिने विचारलं.

"घरी सांगायला कोणी नाही," तो म्हणाला. मग घाईने, "म्हणजे... आई-बाबा आहेत. तसं कोणी नाही."

"मी कुठे विचारलं?"

"मी सांगून ठेवलं."

शेवटच्या दिवशी जाहीर गप्पा होत्या. आजोबा भरल्या आवाजात म्हणाले, "माझ्या लाल रंगातली ऊब या बाईंनाच कळली." तिने ते मराठीत सांगितलं. आता आजी काय म्हणणार? त्याने सांगितलेलं ऐकून आजींनी आधी त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग तिच्याकडे. दोन वाक्यं बोलल्या. तो लाजला.

"त्या म्हणतात... मी आग म्हणाले होते. पण या दोन पोरांनी आम्हाला भांडू दिलं नाही, आणि शेजारी राहिल्यावर ती आग आवडायला लागली."

हे आजोबांना सांगताना तिने एकही शब्द बदलला नाही. आजोबा गडगडून हसले आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

दुपारी चित्रं उतरली. खिळ्यांच्या भोकांकडे बघत तो म्हणाला, "उद्या सकाळी निघतोय. आजींचं पुढचं प्रदर्शन दुसऱ्या देशात आहे. दोन-तीन महिने तरी..."

"अच्छा," ती म्हणाली. एवढ्या भाषा शिकून तोंडातून निघालं ते एवढंच! तिला स्वतःचाच राग आला. "तू परत येशील ना?"

तो थबकला. "तू?"

"चुकून गेलं—"

"मागे घेऊ नकोस." तो तिच्याकडे वळला. "मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी खोकलीस ना, तेव्हापासून. येईन... काम संपलं की थेट इथेच."

"मग मीही सांगून ठेवते. मलाही तसं कोणी नव्हतं. आत्तापर्यंत."

तिने फोन काढला. "आई, उद्या सकाळी काय करतेयस? विमानतळावर एकाला सोडायला जायचंय... येतेस?"

"कोणाला गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो घाईघाईने केस सारखे करत होता, जणू आई समोरच उभी होती.

"ये तर खरी. ओळख करून देते."