मापाचा कुर्ता

धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरली. "चोवीस वर्षं झाली, पण सळ्या तसूभर हलल्या नाहीत. निश्चिंत राहा," ते भैरवीला म्हणाले.

स्वतःची काळजी होती कुणाला! चौदाव्या वर्षी तिचा वाकडा कणा सरळ करून पाठीत दोन सळ्या बसवल्या, तेव्हापासून ती कमरेतून वाकलीच नव्हती. खाली पडलेलं काही उचलायचं तर गुडघे मोडायचे आणि ताठ पाठीनं बसायचं. डिसेंबरात सळ्या आतून गार पडत. ते सगळं अंगवळणी पडलं होतं. जीव टांगणीला लागला होता तो रितिकापायी. पोरीला तेरावं लागलं होतं, आणि हे दुखणं घराण्यात उतरतं म्हणतात. दर रविवारी तिचं न्हाणं झालं की भैरवी पाठीवरून बोट फिरवून बघायची. पोरगी वैतागायची.

डॉक्टरांनी रितिकाला वाकवलं. बोटं सहज पायांना टेकली. "एकदम सरळ आहे हो!" भैरवीचा जीव भांड्यात पडला.

तिथून दोघी स्कूटीवर महाल भागात, शिवणकाम करणाऱ्या वच्छलाबाईंकडे आल्या. रितिकाचा शाळेचा कुर्ता शिवायला टाकला होता. याच बाईंनी एकेकाळी भैरवीचे शाळेचे कपडे शिवलेले. उतरत्या डाव्या खांद्यात कापसाची गादी भरायच्या, उजवी बाजू दीड इंच लांब ठेवायच्या, म्हणजे पोरीचं व्यंग चारचौघांत दिसू नये.

रितिका पडद्यामागून कुर्ता घालून आली. कुठे सुरकुती नाही, झोळ नाही.

"कसा बसला पाह्य!" वच्छलाबाई खूश झाल्या.

भैरवीनं कौतुकानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या खांद्यात गादी होती. तिनं खाली पाहिलं. उजवी बाजू लांब होती.

"मावशी, हा असा काहून शिवला?"

"तूच तं मापाचा देल्ला होता. त्याच्यावरूनच बेतला."

"मी रितिकाचा निळा दिला होता."

"निळा? नाही वं माय. हा घे तुहा."

मशीनखालच्या पिशवीतून त्यांनी पांढरा कुर्ता काढला. कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं 'भै' काढलं होतं. आईच्या हातचं.

ऑपरेशननंतर आईनं तो कुर्ता बंबात घातला होता. भैरवी शेजारीच उभी होती. जळक्या कापसाचा तो वास तिला आजही आठवत होता.

"रितू, काढ तो. आधी काढ!"

"काहून? मस्त तं बसला. फक्त पाठीत आतून गार लागून राहिलं, आई."

भैरवीनं घाईघाईनं तिची बटणं सोडायला घेतली. कोपराचा धक्का लागून कापडावरचा खडू जमिनीवर पडला. तिनं वाकून तो उचलला, मशीनवर ठेवला.

मग तिचे हात थांबले.

ती कमरेतून वाकली होती. पाठ मऊ होती. उबदार होती.

"नको रे देवा," ती पुटपुटली. "माझं मलाच राहू दे."

तिनं कुर्ता ओढून काढला, कोपऱ्यात भिरकावला. "घाल तुझे कपडे. चल घरी."

"तू अशी काहून करतेस वं आई?" रितिकानं आपला टॉप चढवला. तिची एक चप्पल मशीनखाली सरकली होती.

ती घ्यायला रितिकानं आधी गुडघे मोडले, आणि मग पाठ ताठ ठेवून हळूच खाली बसली.