अडून राहिलेलं वजन

दुपारची जेवणं आटोपली की संगणक रेंगाळायला लागायचा. रुईची गाठ काट्यावर चढली तरी पडद्यावर आकडा उमटायला वेळ लागे, मग आणखी वेळ लागे, आणि शेवटी सगळंच जागच्या जागी गोठून बसे. खालून हमालांची ओरड सुरू होई. सुधाकर संगणक बंद करून पुन्हा चालू करी, आणि रेणुका प्रोग्रामचे छापलेले घडीचे कागद मांडीवर घेऊन पहिल्या ओळीपासून पेन्सिल फिरवायला लागे.

"मेमरी गळून राह्यली, वहिनी," सुधाकर म्हणे. "खाली बादली लावा."

"गळतो तो भाग तुमचा आहे, भाऊजी. मी नाही लिहिला."

"सगळा मी लिहिला असता तर चाललाच नसता. तुमचा हात लागला म्हणून चालते तरी."

सुधाकर रेणुकाच्या नवऱ्याचा वर्गमित्र. नवरा तामसीच्या शाळेत मास्तर. सकाळच्या बसने जायचा, दिवेलागणीला यायचा. रेणुका बी.एस्सी. झालेली, नांदेडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. १९९४ साली आदिलाबादेत एवढं शिकलेली बाई सहज सापडत नसे, म्हणून कापूस बाजारापलीकडच्या या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्याने तिला सुधाकरच्या जोडीला घेतलं होतं. घरी लेकराला सांभाळायला कोणी नाही, म्हणून अडीच वर्षांची सोनी टेबलाखाली गोधडीवर खेळत असे. रेणुकाचा एक डोळा पडद्यावर आणि एक तिच्यावर असायचा. सोनी नीट खात नव्हती. अंग धरत नव्हती. रेणुकाला दुसरं काही सुचत नसे.

प्रोग्राम साधा होता. खाली काट्यावर वजन आलं की तो मेमरीत एक जागा अडवायचा आणि तिथे आकडा ठेवायचा; वजन उतरलं की ती जागा मोकळी करायचा. जागा मोकळी करायची एखादी ओळ कुठेतरी सुटली असणार, अडलेल्या जागा साठत जाऊन दुपारपर्यंत मेमरी भरत असणार. असा दोष सापडतोच, फक्त चिकाटी लागते.

त्यांची खोली माळ्यावर होती. काचेतून खाली सगळा प्रेस दिसे: लोखंडी पेटी, तिच्यावर लटकलेला जाडजूड दट्ट्या, पेटीत उतरून रुई पायांनी तुडवणारे दोन गडी. दट्ट्या खाली येऊन रुई दाबायचा, मग गाठीला लोखंडी पट्ट्या आवळायच्या, आणि गाठ काट्यावर ढकलायची. तापलेल्या ग्रीसचा आणि सरकीचा वास वरपर्यंत येई. रुईचे तंतू चहाच्या कपात, की-बोर्डच्या फटीत, सोनीच्या पापण्यांवर बसत.

सकाळी काटा बरोबर आहे का हे बघायची तिथली रीत वेगळीच होती. मॅनेजर वामनराव आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे. त्यांचं वजन एकाहत्तर किलो आठशे. वर्षानुवर्षं त्यात फरक पडला नव्हता, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांच्यामागून हमाल आपापलं वजन ओळखायची चहाची पैज लावून चढायचे. सगळे पांगले की दर सोमवारी रेणुका सोनीला उभी करायची. नऊ किलो दोनशे. कधी नऊ शंभर.

रुई झाडणारी पंचफुला तेवढी कधी काट्यावर चढली नाही. "जित्या जिवाले तोलत नाई, बाई," ती रेणुकाला म्हणाली होती. "तोलते ते इकाले."

रेणुका नुसती हसली होती.

अडलेल्या जागा पडद्यावर दिसतील असा एक तुकडा सुधाकरने लिहिला. प्रोग्राम चालू केला, काटा रिकामा ठेवला, आणि दोघं बघत बसले. थोड्या वेळाने एक आकडा उमटला. चोपन्न तीनशे. त्याखाली पुन्हा चोपन्न तीनशे. मग पुन्हा.

खाली काट्यावर कोणी नव्हतं.

"गाठ तर एकशे सत्तरची असते," रेणुका म्हणाली.

"हे माणसाचं वजन आहे. सकाळचं कोणाचं तरी राहून गेलं."

"सकाळनंतर संगणक दोनदा बंद केलाय आपण. राहील कुठे?"

 आकडे पडदाभर झाले आणि संगणक गोठला.

मग त्याने नेहमीची पळवाट काढली. चहाच्या सुट्टीत प्रोग्राम आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा, अशी बॅच फाइल लिहायला बसला. "वहिनी, परत वरच्या ओळीवर पाठवायचं तर 'गोटू'च्या पुढे कोलन देऊ का?"

"जिथे पाठवायचं तिथल्या नावाला द्या. तुम्हाला तीन वेळा सांगितलं."

"तुमच्या आवाजात चौथ्यांदा ऐकलं की पक्कं होते."

चोपन्न तीनशे म्हणजे नागोराव, हे खाली सगळ्यांना ठाऊक होतं. पेटीत रुई तुडवणारा हा गडी, पैज बहुधा हाच जिंकायचा. त्याने जिन्यातून डोकं वर काढून विचारलं, "मले काऊन धरून ठेवलं, बाई, तुमच्या पेटीत? आमची पेटी काय कमी हाय?" सुधाकर खो खो हसला. रेणुकालाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दट्ट्या आपोआप सुटला. नागोराव पेटीत होता. जोडीदाराने कठड्याला धरून स्वतःला वर ओढलं. नागोरावने हात वर केला तेवढाच काचेतून दिसला. आवाज झाला तो रुईत दबलेला, जाड. दट्ट्या तळाला टेकला आणि पेटीच्या दाराच्या फटीतून आधी पांढरं, मग लाल पिळून बाहेर आलं. दार उघडलं तेव्हा बाहेर पडली ती चौकोनी गाठच होती. एका बाजूने तिच्यातून कोपर निघालं होतं.

रेणुकाने सोनीचं तोंड पदरात घेतलं. मागे सुधाकर हळू म्हणाला, "मोकळं झालं."

पडदा स्वच्छ होता. एकही जागा अडलेली नव्हती. त्या दुपारी संगणक पहिल्यांदाच न अडखळता चालला.

"योगायोग," सुधाकर म्हणाला. रेणुकालाही तेच म्हणायचं होतं. पण संध्याकाळी, प्रेत अजून आवारात होतं तेव्हाच, पडद्यावर नवा आकडा उमटायला लागला होता. एकाहत्तर आठशे.

ती वामनरावांकडे गेली. काय सांगायचं ते धड सुचेना. "साहेब, दोन दिवस येऊ नका," एवढंच म्हणाली.

"काऊन?"

"संगणकात तुमचं वजन अडलंय. नागोरावचंही तसंच अडलं होतं."

वामनरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला मशीन दुरुस्त करायला ठेवलं. पत्रिका बघायला नाही." आणि शिपायाला सांगितलं, "उद्या प्रेस चालू झाला पाहिजे. पेटी धुवून घ्या."

हमालांनी महिनाभर ओरडून सांगितलं होतं, की दट्ट्याचा वाल्व्ह धरत नाही. सकाळी वामनराव फाटकातून आत आले तेव्हा हमाल रांगेत उभे होते, आणि त्यांच्या हातात गाठींच्या लोखंडी पट्ट्या होत्या. पहिल्या फटक्याने चष्मा गेला. दुसऱ्याने कानापासून गालाची कातडी उघडली. वामनराव पळाले, काट्याला अडखळून आडवे पडले, आणि मग हमाल काट्यावरच त्यांना मारत राहिले. कोणी शिवी देत नव्हतं. नुसते पट्टीचे आवाज, चिखलात पाय आपटावा तसे. वर पडद्यावर वजन थरथरत होतं.

मग थांबलं. अडलेल्या जागा एकेक करून मोकळ्या झाल्या.

पोलीस आले, माणसं नेली, कारखान्याला कुलूप लागलं. रेणुकाने नवऱ्याला मारामारीचं सांगितलं, आकड्यांचं नाही. सांगितलं असतं तर त्याने तिलाच डॉक्टरकडे नेलं असतं. कुलूप निघालं तसा नवा मॅनेजर आला, नवा वाल्व्ह आला. हातातलं काम पुरं करून राजीनामा द्यायचा, हे तिने ठरवून टाकलं. सोनीला काट्याजवळ जाऊ देत नव्हती. सोनीला नजरेआड होऊ देत नव्हती.

प्रोग्रामही तिने नव्याने लिहून काढला. सुधाकरची एक ओळ त्यात ठेवली नाही.

"माझी निशाणी पुसली तुम्ही," तो म्हणाला. चेष्टा करायचा प्रयत्न होता. 

भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने तो चालू केला. प्रेस बंद होता. काटा रिकामा. टेबलाखाली सोनी भाताची वाटी पुढ्यात घेऊन बसली होती आणि एकही घास घेत नव्हती.

पडद्यावर आकडा आला.

नऊ दोनशे.

नऊ दोनशे. नऊ दोनशे.

सुधाकर उठून उभा राहिला. "वहिनी, काट्याची वायर काढतो मी."

त्याने वायर उपटली. आकडे येत राहिले.

रेणुकाने सोनीला उचललं. वाटी उपडी झाली. मनात एकच होतं, फाटकाबाहेर. रस्त्यावर, बाजारात, माणसांत. या यंत्रांपासून दूर.

जिना उतरताना तिला कळलं, की फाटकाकडे जायची वाट एकच आहे, आणि ती प्रेसच्या अंगावरून जाते.

ती क्षणभर थांबली. दट्ट्या वर होता. पेटी रिकामी होती. कोणी नव्हतं. फक्त भिंतीशी सकाळच्या गाठी रचलेल्या होत्या, आवळून ठेवलेल्या, आणि पंचफुला सांडलेली रुई झाडत होती.

ती धावली.

तिच्या पायात पंचफुलाचा झाडू आला. ती गुडघ्यावर पडली. सोनी हातातून सुटली आणि गाठींकडे दुडदुडत गेली.

"थांब गं माय," पंचफुला म्हणाली आणि वाकून सोनीला पोटाशी धरलं.

पट्टी तुटली.

गाठीवर आवळलेली लोखंडी पट्टी तुटली की कशी येते, हे तिथल्या माणसांनाच माहीत. ती दिसत नाही. शीळ ऐकू येते.

पंचफुला उभीच राहिली. तिचा गळा उघडा झाला होता, पदर सरकावा तसा. रक्त सोनीच्या केसांवर, कपाळावर, तोंडात पडत होतं. मग ती खाली बसली, सावकाश, लेकराला हिसका न देता. हात सोडवायला दोन माणसं लागली.

सोनीला खरचटलंसुद्धा नव्हतं.

रेणुकाने तिला तिथल्याच नळाखाली धुतलं. हात, मान, कानामागे. पुन्हा पुन्हा तपासलं. मग मान वर केली. माळ्यावरच्या काचेमागे सुधाकर उभा होता.

"आकडा गेला का?" तिने विचारलं. एवढ्या लांबून ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण त्याला कळलं.

तो काचेपासून मागे सरला.

त्याच आठवड्यात रेणुका बिऱ्हाड आवरून तामसीला गेली. सुधाकर कारखान्यातच राहिला. संगणक बदलला म्हणे, काटाही बदलला. वामनरावांच्या खुर्चीत तिसरा माणूस आला. तामसीत सोनी कशी कोण जाणे, जेवायला लागली. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली की ताट चाटून पुसून ठेवायची. गालांवर मांस आलं. दंडाला वळ्या पडल्या. नवरा म्हणायचा, हवा मानवली.

हंगाम संपता संपता सुधाकर बसमधून उतरला. नवऱ्याशी बोलला, चहा घेतला, कारखान्याचा विषय काढला नाही. निघताना रेणुका त्याला थांब्यापर्यंत पोचवायला आली. कडेवर सोनी होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"खाते का आता?" त्याने विचारलं.

"खाते. खूप खाते."

बस आली. त्याने दांडीला हात घातला, पाय पायरीवर ठेवला, आणि पाठमोराच म्हणाला, "पडद्यावर दहा चारशे झाली, वहिनी."

रेणुकाने सकाळीच तिला आरोग्य उपकेंद्रात नेलं होतं. वजन कोणालाच सांगितलं नव्हतं.