मागचं डावं दार

"कधी ठोकलीस गाडी? मला फक्त एवढंच सांग, ताई... कधी ठोकलीस?"

वगदीनं जेवणाच्या टेबलावर इतक्या जोरानं हात आपटला, की तळलेल्या माशांच्या ताटातलं लिंबू घरंगळत थेट बापाच्या पायाशी गेलं! इन्शिराह भाताचं पातेलं दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पातेलं हाताला चटके देत होतं, पण ते खाली ठेवायचं भानच तिला राहिलं नव्हतं. तिची नजर भावाकडे नव्हतीच. ती बघत होती बापाकडे... आणि बाप खाली मान घालून माशाचे काटे काढत होता, जणू जगात त्या काट्यांपेक्षा महत्त्वाचं दुसरं काही नाही!

सकाळी कैरोहून ममदूह नावाचं गिऱ्हाईक अलेक्झांड्रियाला गाडी बघायला आलं होतं. सौदीतल्या दम्मामहून सुट्टीवर आलेल्या वगदीला ही छोटी एसयूव्ही विकून नवी, मोठी गाडी घ्यायची होती, आणि त्यानं फोनवर त्या माणसाला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "वल्लाही, देवाशपथ, पूर्ण फॅब्रिका आहे!" फॅब्रिका, म्हणजे कारखान्यातून निघाली तोच रंग, वर दुसरा हात नाही. इथं जुन्या गाडीची सगळी अब्रू त्या एका शब्दात असते. पोचा चालतो, ओरखडा चालतो, दाराला कुणी खिळ्यानं स्वतःचं नाव कोरून ठेवलेलंही चालतं, पण नवा रंग दिसला की माणसं पाऊल मागं घेतात. रंगाखाली काय झाकलंय कोण जाणे! ममदूहबरोबर आलेल्या माणसानं बोटाच्या पेरानं एकेक पत्रा वाजवला, मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं, आणि मागच्या डाव्या दारापाशी थांबून त्यानं नुसती मान हलवली. ममदूह जाताना गल्लीतल्या चहावाल्यासमोर एवढंच म्हणाला, "शपथ तरी घ्यायची नव्हती, साहेब."

बस्स! तो अपमान गिळत वगदी तीन जिने चढून आला होता, आणि आता तो सगळा बहिणीच्या अंगावर ओकत होता.

"बोल ना! गाडी तुझ्याच ताब्यात होती. बाबांनी तर गुडघ्यांमुळे चालवायची सोडली. मग दुसरं कोण ठोकणार?"

बाबा बोलतील... आता बोलतील... निदान घसा तरी खाकरतील! पण बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश एक घोट घेतला.

"मीच," ती म्हणाली. "माझ्याच हातून लागली."

तेवढ्यावर विषय मिटला असता, तर तिनं तोही घोट गिळला असता. आई गेल्यापासून असे घोट गिळायची सवयच होती तिला. वगदीला तिनं वाढवलं, आलेली स्थळं 'पोरगा लहान आहे' म्हणून परत पाठवली, आणि पोरगा मोठा होऊन दम्मामला गेल्यावर तिला विचारायला कुणी उरलंच नाही. पण तेवढ्यात बापानं तोंड उघडलं.

"मी हिला शंभरदा सांगितलं होतं," उस्ता बयूमी म्हणाले, "मागं घेताना आरशात बघ म्हणून. पण बायकांचं लक्ष कुठं असतं? वाळवंटातल्या रस्त्यावर जन्मभर बस चालवली मी... एक ओरखडा दाखवा कुणी!"

पातेलं टेबलावर आदळलं. भात उडाला. इन्शिराहच्या सर्वांगातून संतापाची अशी काही लहर उसळली, की क्षणभर तिला समोरचं दिसेना!

बाबा! तुम्ही?... तुम्ही हे बोलता?

दोन हिवाळ्यांपूर्वीची ती वादळी सकाळ तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. गल्लीत गुडघाभर पाणी. अशाच पाण्यासाठी तर सगळ्यांनी उंच गाडी घ्यायची ठरवली होती. स्टिअरिंगपाशी बाबा, शेजारी ती. गाडी वळली, आणि विजेच्या खांबानं मागचं डावं दार करकरत सोलून काढलं. बाबा उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून लहान मुलासारखे बसून राहिले... "मला खांब दिसलाच नाही गं, इन्शिराह! वगदीला सांगू नकोस. गल्लीत कुणाला सांगू नकोस. हे लोक मला उस्ता म्हणतात गं, कसलेला ड्रायव्हर म्हणून!" त्या एका वाक्यानं तिचं अंतःकरण विदीर्ण झालं. बाबांनी रोज बाल्कनीतून तो ओरखडा बघत बसू नये, म्हणून तिनं दुसऱ्याच दिवशी शहराच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन दार रंगवून आणलं. काय ही बाई तरी! ओरखडा तसाच ठेवला असता तर आजचं गिऱ्हाईक हसून सौदा करून गेलं असतं. पण प्रेमापोटी माणूस नेमकं तेच करतो जे या शहरात कुणी करू नये. तिनं रंग दिला!

"ऐकलंस?" वगदी गरजला. "वर लपवलंसही! मी तिकडे उन्हात भाजून निघतो, आणि माझ्या गाडीची इथं ही वाट!"

"तुझ्या गाडीची?" इन्शिराहचा आवाज चढला, आणि जिन्यातल्या उघड्या खिडक्यांतून तो खालीपर्यंत गेला. "तू विकत घेतलीस आणि मोकळा झालास! खारी हवा गाडीचं पोट कशी खाते, ठाऊक आहे तुला? दर वादळानंतर चटई टाकून खाली कोण शिरतं? गोड्या पाण्यानं धुऊन ग्रीस कोण लावतं? तेल वेळेवर कोण बदलतं? रेडिएटर गळत होता तेव्हा मेकॅनिकच्या डोक्यावर दिवसभर कोण उभं होतं? फोनवर तू एकदा तरी विचारलंस? 'ताई, काय हवं' म्हणून नाही... 'गाडी कशी आहे' म्हणून तरी?"

"त्यात गल्लीतली पोरं कोंबून शाळेत नेतेस, म्हणून झिजते ती! नवी आली की कापड घालून झाकून ठेवायची. कुणाची पोरंबिरं नाही भरायची त्यात."

ही पोरंबिरं म्हणजे इन्शिराहचं सगळं आयुष्य होतं. रोज सकाळी गल्लीतल्या आया आपली मुलं तिच्या हवाली करत, कारण इन्शिराह खड्ड्यातूनही गाडी अशी नेते की मुलांच्या हातातला चहा सांडत नाही, असं सगळे म्हणत. बापाच्या नि भावाच्या घरात तिचं स्वतःचं, तिनं कमावलेलं असं तेवढंच होतं.

आणि त्याच वेळी दारातून आवाज आला, "इन्शिराह..."

खालच्या मजल्यावरची उम्म हिशाम लोणच्याची वाटी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे! तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"गाडी ठोकलीस तेव्हा... माझी मुलं होती का गं आत?"

"नव्हती!" इन्शिराह ओरडली. "उम्म हिशाम, मुलं आत असती तर मी तुझ्यापासून लपवलं असतं?"

"आजवर लपवलंसच की."

एक खरं वाक्य... बाबांकडे बोट दाखवून एकच वाक्य बोललं, की तिचं नाव परत तिचं होणार होतं! ते अगदी ओठांवर आलं. तिनं बापाकडे पाहिलं. त्यांचे खरखरीत हात ताटातला एकच काटा पुन्हा पुन्हा बाजूला सारत होते. तिनं ते वाक्य गिळलं... पण आपल्याच या गिळण्याची तिला त्या क्षणी विलक्षण चीड आली!

"उद्या मी मुलांना रिक्षानं पाठवते," उम्म हिशाम हळूच म्हणाली. "राग मानू नकोस. आईचा जीव आहे."

"बघ, गल्लीलाही कळलं!" वगदीनं भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली ओढून काढली. "आत्ताच्या आत्ता दलालाकडे नेतो, देईल त्यात देऊन टाकतो. बाबा, चला, गाडी तुम्हीच काढून द्या, गुडघे एवढं तर सोसतील. या चिंचोळ्या गल्लीतून मागं घेणं मला काही जमायचं नाही."

"मी काढते," इन्शिराह पुढं झाली.

"तू हात लावायचा नाहीस! उस्ता असताना तू कशाला?"

उस्ता बयूमी उठले. मुलगा बघत होता, शेजारीण बघत होती... नाही म्हणायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. ते जवळून जाताना ती दात आवळून पुटपुटली, "बाबा, नका!" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सुट्टीचा दिवस, खाली मुलांचा फुटबॉल रंगात आलेला. जागा अडवायला मागं ठेवलेली मोडकी खुर्ची वगदीनं लाथेनं बाजूला सारली. बाप स्टिअरिंगपाशी बसला. इन्शिराह धावत जिना उतरली, मुलांना दोन्ही हातांनी भिंतीशी लोटलं, आणि गाडीच्या मागं, डाव्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली... अगदी त्या दाराजवळ! बाजूला व्हायचं तिच्या मनातही आलं नाही. येऊ दे अंगावर! जन्मभर सगळ्यांचं अंगावर घेतलंय, हेही घेईन! संतापानं तिचे गाल जळत होते नि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

इंजिन गुरगुरलं. गाडी हिसका देऊन मागं आली. आणखी मागं...

"उस्ता!" मागोमाग खाली आलेली उम्म हिशाम किंचाळली. "थांबा! तुमची लेक! लेक आहे मागं!"

ब्रेक लागला. बंपर इन्शिराहच्या झग्याला टेकला होता. ती हलली नाही.

"कुठं आहे?" बाबांचा आवाज फुटला. "कुठं आहे ती?"

"काय विचारता? ही काय तुमच्या डाव्या अंगाला!"

उस्ता बयूमींनी डावीकडे पाहिलं. सगळी गल्ली बघत होती आणि त्यांची नजर लेकीवरून सरळ पुढं निघून गेली! मग कोंबडी दाण्याकडे बघते तशी त्यांनी मान वळवली, वळवली... पार खांद्यापलीकडे नेली, तेव्हा कुठं ती उजव्या डोळ्याला दिसली. झग्याला टेकलेला बंपर, आणि वर तिचा तो रडवेला, रागानं लाल झालेला चेहरा.

त्यांनी इंजिन बंद केलं.

"मी ठोकली," ते म्हणाले. आवाज एवढासा, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "त्या वादळात मी ठोकली. खांब दिसला नाही मला. या डोळ्यानं काहीच दिसत नाही. हिनं स्वतःवर घेतलं... आणि मी घेऊ दिलं. आज तर वर टोमणाही मारला! उम्म हिशाम, तुझ्या मुलांसाठी हिच्याइतकी सांभाळून चालवणारी बाई तुला अख्ख्या अलेक्झांड्रियात सापडायची नाही. मला म्हणू नका उस्ता. हिला म्हणा."

वगदीच्या हातातला फोन वाजत होता, तो त्यानं बंदही केला नाही. "ताई... तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" ती त्याच्यावर उसळली. "तुझ्या बापाला दिसत नाही म्हणून? तू काय केलं असतंस? गाडी विकली असतीस!"

तो पुढं आला, माफीसाठी तिच्या डोक्यावर ओठ टेकायला वाकला. तिनं त्याला ढकललं. तो परत वाकला. तिनं परत ढकललं, पण या वेळी तिचा हात त्याच्या सदऱ्यात अडकून राहिला, आणि ती त्याच्या छातीवर डोकं आपटत हुंदके देऊ लागली. "गाढवा... एकदा विचारायचं तरी होतंस... ताईला एकदा विचारायचं!"

"नाही विकत," तो सारखा म्हणत होता. "तुझीच आहे ती. नाही विकत."

उम्म हिशामनं डोळे पुसले. "मुलं उद्या नेहमीसारखी खाली येतील," ती म्हणाली. "आणि मला चार शिव्या घालायच्या असतील तर घाल."

"तू विचारलंस ते बरोबरच विचारलंस." इन्शिराहनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि गाडीचं पुढचं दार खाडकन उघडलं. "उतरा, बाबा. पलीकडून बसा."

"मला माफ कर, पोरी."

"नाही करणार. आज तर मुळीच नाही!"

"मग कुठं नेतेस?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

तो शब्द तोंडातून बाहेर पडला, आणि त्याबरोबर आपण काय केलं होतं, ते तिला स्वतःलाच लख्ख कळलं! अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती... रंग जुळतो की नाही, उन्हात फरक दिसतो की नाही, हे दहादा बघत उभी राहिली होती... आणि हा माणूस घरात एकटा बसून होता, त्याचा डोळा विझत होता!

"दार दुरुस्त केलं मी, बाबा!" बाबा पलीकडे बसले, तशी ती त्यांच्या जागी बसून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ओरडली. कुणावर ओरडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. "दार! तुम्हाला न्यायचं सोडून मी दार घेऊन गेले! लोक काय म्हणतील म्हणून आपण दोघं बसलो... आणि तो डोळा गेला!"

"उजवा आहे अजून," म्हातारा पुटपुटला.

"तो तरी मी जाऊ देणार नाही. पट्टा लावा."

बाबांनी पट्टा ओढला, पण इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजव्या खुर्चीत पट्ट्याची खाच त्यांच्या डाव्या कमरेशी होती. ते चाचपत राहिले. कडी एकदा खुर्चीवर आपटली, एकदा तिच्या मनगटावर. बाहेर उभा वगदी बाबांच्या बाजूच्या खिडकीतून आत वाकून मदत करणार, एवढ्यात इन्शिराहनं बापाचा चाचपडणारा हात आपल्या हातात घेतला, रागानंच घेतला, आणि खाचेपर्यंत नेला. कडी बसल्याचा आवाज झाला, तरी तिनं तो हात सोडला नाही.